साध्या सायकलीला विजेची जोड

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. शिक्षणाचे महत्त्व सांगणारी भाषणे आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहेत आणि ऐकताना मानही डोलावली आहे. म्हणून आज मी महत्त्व सांगत बसणार नाही. आज मी एका वस्तूविषयी बोलणार आहे. ही वस्तू आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पडवीत, जिन्याखाली किंवा परसात धूळ खात उभी असते. ती वस्तू म्हणजे सायकल. या साध्या सायकलीला लहानशी विजेची मोटर कशी जोडतात, त्यातून काय साधते आणि त्यात धोके कोणते, हे मी आपल्याला सांगणार आहे. ते ऐकल्यावर शिक्षणाचा विषय आपोआपच निघेल.

आधी अंतराचा विचार करू. आपल्या गावांची रचना आपल्याला माहीत आहे. दहावीपर्यंतची शाळा जवळ असते. कनिष्ठ महाविद्यालय आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था मात्र तालुक्याच्या गावी असतात. मध्ये सात-आठ किलोमीटरचा रस्ता आणि त्यात दोन चढ. एस.टी.ची वेळ आणि तासिकांची वेळ जुळेलच असे नाही. अशा वेळी घरात काय निर्णय होतो? मुलासाठी हप्त्यावर मोटारसायकल येते आणि मुलीला सांगितले जाते, 'बाळ, दहावी झालीस, पुष्कळ झाले.' मुलगी हुशार असते, फी परवडणारी असते, घरच्यांचा विरोधही फारसा नसतो. तिचे शिक्षण सात किलोमीटरांपाशी थांबते.

ही केवळ माझी कल्पना आहे असे कोणी म्हणू नये. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्यांचा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. दोन चाकांनी जे साधले ते शेकडो उपदेशांनी साधले नव्हते. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील मुलींना सायकली दिल्या जातात. तथापि बिहारचा बराचसा भाग सपाट मैदान आहे आणि आपल्याकडे चढ आहेत. या चढांसाठीच मोटरचा विचार करायचा.

विद्यार्थी मित्रांनो, आता वहीत थोडे गणित मांडा. मुलीचे वजन ५५ किलो, दप्तर ७ किलो, सायकल २० किलो आणि मोटर-बॅटरीचे किट ८ किलो धरा. एकूण झाले ९० किलो. रस्ता शंभर मीटरमागे पाच मीटर चढतो असे समजा. ९० ला ९.८ ने गुणा आणि त्याचा विसावा भाग घ्या. सुमारे ४४ न्यूटन आले. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २.७८ मीटर. दोहोंचा गुणाकार केला की सुमारे १२२ वॉट होतात. ही शक्ती नुसत्या चढासाठी लागते. टायरच्या घर्षणाचे आणखी वीसेक वॉट त्यात मिळवा. सर्वसाधारण निरोगी माणसाचे पाय बराच वेळ चालवत राहिले, तर ७५ ते १०० वॉट देतात. म्हणजे चढावर ४० ते ७० वॉट कमी पडतात. एवढ्याशा तुटीपायी मुलगी घामाघूम होते, उतरून सायकल ढकलते, उशिरा पोचते आणि चार दिवसांनी सायकल पडवीत उभी राहते.

ही तूट भरून काढायला मोठे इंजिन लागत नाही. २५० वॉटची मोटर म्हणजे सुमारे एक तृतीयांश अश्वशक्ती. छताचे साधे पंखे तीन-साडेतीन एकदम चालवायला जेवढी वीज लागते, तेवढीच ही. ओढ्यावर जसा साकव, तशी चढावर ही मोटर. चालायचे आपणच असते. अडलेली जागा तेवढी ती पार करून देते.

ही कल्पना नवी आहे असे समजू नका. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना विजेच्या सायकलीचे पेटंट १८९५ सालच्या ३१ डिसेंबरला मिळाले. त्यांची मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागीच बसवलेली होती आणि आजच्या बहुतेक किटमध्येही ती चाकाच्या मध्यभागीच असते. मग मधली शंभर वर्षे ही सायकल कोठे होती? ती बॅटरीपाशी अडली होती. त्या काळच्या शिशाच्या बॅटऱ्या इतक्या जड होत्या, की मोटरची निम्मी मेहनत बॅटरी वाहण्यातच जाई. पुढे १९८०च्या दशकात निओडिमियमचे प्रबळ चुंबक निघाले आणि मोटर लहान झाली. सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. १९९३ साली जपानच्या यामाहाने पायडलला मदत करणारी सायकल विक्रीस काढली. ज्या तीन शास्त्रज्ञांच्या संशोधनावर लिथियमची बॅटरी उभी आहे, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा रसायनशास्त्राचा तास कंटाळवाणा वाटेल, त्या वेळी ही सायकल आठवावी.

आता किटमध्ये काय काय येते ते पाहू. पहिली वस्तू म्हणजे मोटर. ती चाकाच्या हबमध्येच असते आणि तारा विणून, रिम चढवून तयार चाकच मिळते. काही मोटरींच्या पोटात लहान दातेरी चक्रे असतात. त्या वजनाला हलक्या, चढावर जोरकस आणि वीज बंद असताना मोकळ्या फिरणाऱ्या असतात. दुसऱ्या प्रकारात दातेरी चक्रे नसतात. ती मोटर टिकाऊ पण जड असते आणि वीज संपल्यावर पायांना थोडी ओढ लावते. आपल्या चढांसाठी पहिला प्रकार बरा. तिसरा प्रकार पायडलच्या मधल्या आसाशी बसतो. तो गिअरचा फायदा घेतो. पण साखळी झिजवतो आणि महागही पडतो.

दुसरी वस्तू कंट्रोलर. मोटरच्या आतील तीन लहान सेन्सर चुंबक कोठे आहे याची वर्दी देतात आणि त्यानुसार कंट्रोलर तीन तारांतून आळीपाळीने वीज सोडतो. या सेन्सरांच्या मुळाशी असलेला परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधला. त्यामुळे या मोटरीत झिजणारे कार्बन ब्रश नसतात. तिसरी वस्तू पायडल-सेन्सर. पाय फिरू लागले की तो मोटर सुरू करतो आणि पाय थांबले की बंद करतो. चौथी वस्तू ब्रेकचे खास दांडे. ब्रेक दाबताच ते मोटरची वीज तोडतात. हे दांडे 'जागेत बसत नाहीत' म्हणून काही जण काढून ठेवतात. तसे कधीही करू नका. याशिवाय बॅटरी, चार्जर आणि हँडलवरचा छोटा दर्शक असतो.

जोडणी करताना काय सांभाळावे? आधी सायकल तपासा. गंजलेल्या चौकटीला, हलणाऱ्या हँडलला किंवा वाकड्या चिमट्याला मोटर जोडणे म्हणजे मोडक्या पायाला घुंगरू बांधणे. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना सळ्यांचे ब्रेक असतात आणि लोखंडी रिम भिजली की ते पकडत नाहीत. पावसाळ्यात ज्यांना चार महिने सायकल चालवायची आहे, त्यांनी मोटरपूर्वी ब्रेक बदलावेत. ॲल्युमिनियमची रिम आणि तारेने ओढले जाणारे ब्रेक घ्यावेत, शक्य असल्यास डिस्क ब्रेक घ्यावेत. वेग देणाऱ्या वस्तूआधी वेग थांबवणारी वस्तू, हा क्रम उलटा होता कामा नये.

त्यानंतर आस. न्यूटनचा तिसरा नियम आपण पाठ केला आहे, आता तो सायकलीत पाहा. मोटर चाकाला पुढे फिरवते, त्याच वेळी तेवढ्याच जोराने आपल्या आसाला मागे फिरवू पाहते. नट सैल असेल तर आस खाचेत गरकन फिरतो, त्यातून बाहेर येणारी तार पिळवटून तुटते आणि चाक निखळूही शकते. म्हणून आसाला लोखंडी पट्टी लावून ती चौकटीशी पक्की बांधतात. पुढच्या चाकात मोटर घालायची असेल, तर चिमटा पोलादीच हवा. ॲल्युमिनियमच्या चिमट्याची खाच तडकते. पहिल्या आठवड्यात आसाचे नट आणि चाकाच्या तारा दोन-तीन वेळा तपासून घट्ट करा. मोटरकडे जाणाऱ्या तारेला खाली थोडा झोल ठेवा. पावसाचे पाणी तारेवरून ओघळत त्या झोलापाशी गळून पडते, मोटरच्या पोटात शिरत नाही. सायकल ओल्या फडक्याने पुसावी. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नये.

आता बॅटरी. पालकहो, येथे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती. बाजारात नेहमी मिळणारी बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची असते. तिच्या आत बोटाएवढे लहान सेल असतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा सेलचा व्होल्टेज सुमारे ३.६ असतो. असे दहा एकसरीत जोडले की ३६ व्होल्ट होतात. प्रत्येक सेल अडीच अँपिअर-तासांचा असेल, तर चार ओळी समांतर जोडल्या की दहा अँपिअर-तास होतात. म्हणजे चाळीस सेल. एकसरी आणि समांतर जोडणीचा धडा विज्ञानाच्या पुस्तकात असतो. त्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलाला ही बॅटरी दाखवावी. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॉट-तास. पायडल मारत गेले तर किलोमीटरला दहा-बारा वॉट-तास लागतात. म्हणजे पूर्ण बॅटरीत सुमारे तीस किलोमीटर, आणि सावधपणे हिशेब करायचा तर पंचवीस.

या बॅटरीतच खरा धोका आहे, हे मी लपवणार नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ माणसे दगावली. त्या शहराने त्याच वर्षी कायदा करून प्रमाणित बॅटऱ्याच विकण्याचे बंधन घातले. आग एकदा लागली की ती विझवणे कठीण असते आणि धूर विषारी असतो. म्हणून काही नियम घरात लिहून लावावेत. किटसोबत आलेल्या चार्जरशिवाय दुसरा चार्जर लावू नये. रात्री सगळे झोपले असताना चार्जिंग करू नये. दाराच्या वाटेत, जिन्याखाली किंवा गाद्या-कपड्यांजवळ बॅटरी चार्जिंगला ठेवू नये. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून बॅटरी बांधून देणारा स्वस्तातला कारागीर मिळेल, पण त्याच्याकडे जाऊ नये. प्रत्येक ओळीचा व्होल्टेज सांभाळणारे संरक्षक मंडळ आत आहे की नाही, हे विचारूनच खरेदी करावी. लांब सुट्टीत बॅटरी भरून किंवा रिकामी न ठेवता निम्मी भरून सावलीत ठेवावी.

आता खर्चाचा प्रामाणिक हिशेब करू. विक्रेता आपल्याला सांगतो की चार रुपयांत तीस किलोमीटर जाता येते. ते खोटे नाही. चार्जरमधला तोटा धरून एका वेळेला सुमारे ०.४ युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी चारच रुपये होतात. पण हा हिशेब अर्धा आहे. समजा, बॅटरीला बारा हजार रुपये पडले आणि ती पाचशे वेळा पूर्ण भरून वापरता आली. दर वेळी पंचवीस किलोमीटर धरले तर साडेबारा हजार किलोमीटर होतात. म्हणजे किलोमीटरला सुमारे एक रुपया बॅटरीचाच गेला. वीज आणि बॅटरी मिळून किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत खर्च येतो. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला, पेट्रोल शंभर रुपये धरले, तर नुसत्या इंधनालाच सव्वादोन रुपये लागतात. फायदा आहेच, तो फुकटात मात्र नाही. महिन्याला थोडे पैसे बॅटरीसाठी बाजूला ठेवणाऱ्यालाच तो मिळेल.

कायद्याचेही ऐकून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ज्या बॅटरीच्या दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, ती मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. मात्र या मर्यादा मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेल्या असाव्या लागतात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था. म्हणून मोटरवरच्या चिकटपट्टीवर विसंबू नका, विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागा. हजार वॉटचे किट आणून ताशी पन्नासने धावणारी सायकल ही कायद्याने सायकल राहत नाही, विना परवाना मोटारसायकल होते. आणि २०१९च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ज्या बांधवांनी आखातात उन्हात राबून पैसे पाठवले, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सोळा वर्षांच्या मुलाला पाठवलेल्या पैशांतून मोटारसायकल घेऊन देणे ही माया नव्हे. आणि परवाना लागत नाही म्हणून हेल्मेट लागत नाही, असेही कोणी समजू नये.

मित्रांनो, आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या समाजात सायकल दुरुस्त करणारे, वेल्डिंग करणारे, मोटर वायंडिंग करणारे हात पुष्कळ आहेत. त्या हातांमध्ये पिढीजात हुन्नर आहे. पण आपण काय करतो? शिकलेला मुलगा दुकानाकडे फिरकत नाही आणि दुकानात बसलेला मुलगा शाळेकडे फिरकत नाही. पुस्तक एका घरात आणि पाना दुसऱ्या घरात, अशी फाळणी आपणच केली आहे. ही विजेची सायकल त्या दोघांना एकत्र बसवते. चाकाच्या तारा ताणायला मिस्त्रीचा हात हवा आणि व्होल्ट-अँपिअरचा हिशेब करायला शाळेचे शिक्षण हवे. एकट्याने भागत नाही.

इतिहासही हेच सांगतो. बेळगावात १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी सायकलीचे दुकान काढले. त्यांतले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्याच घराण्याने पुढे लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. अमेरिकेत डेटन गावी सायकलीचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी १९०३ साली विमान उडवले. सायकलीचे दुकान ही लहान जागा नव्हे. तेथे बसलेला माणूस हिशेब आणि वाचन सोडणार नसेल, तर तेथून पुष्कळ लांब जाता येते.

म्हणून माझी संस्थेला एक नम्र सूचना आहे. शाळेच्या कार्यशाळेत एक जुनी सायकल आणि एक प्रमाणित किट आणावे. गावातल्या एका अनुभवी सायकल मिस्त्रीला सन्मानाने बोलवावे. त्यांना खुर्ची द्यावी, मानधन द्यावे आणि मुलांनी त्यांना 'सर' म्हणावे. शेजारी विज्ञानाच्या शिक्षकांनी उभे राहावे. नववी ते बारावीच्या मुलामुलींनी मिळून ती सायकल जोडावी. मुलींना केवळ बघायला उभे करू नये, पाना त्यांच्याही हातात द्यावा; वाटेत नट सैल झाला तर तो त्यांनाच घट्ट करायचा आहे. मग रोज किती किलोमीटर गेली, किती युनिट वीज लागली, काय बिघडले, याची वही वर्षभर ठेवावी. त्या वहीतून मुले जे शिकतील, ते कोणत्याही गाइडमध्ये मिळणार नाही. आणि वर्षाअखेर ती सायकल गावाबाहेरच्या एखाद्या गरजू मुलीला, पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी द्यावी.

पालकांना एवढेच सांगतो. घरी जाल तेव्हा पडवीतल्या सायकलीची साखळी फिरते का ते बघा. आणि ज्या घरात दहावीची मुलगी आहे, तिथे कॉलेजचे अंतर एकदा किलोमीटरमध्ये मोजा. आकडा समोर आला की आज आपण केलेले सगळे गणित आपल्याच घराचे आहे, हे दिसेल. ते सोडवण्याचे साधन आज दुकानात मिळते. ते बसवणारे हात आपल्याच मोहल्ल्यात आहेत. राहिली आपली इच्छा.